उंटावरून बेसबॉल

न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाला मॅनेजर एकच आहे. मॅनेजरी करणारे मात्र काही लाख. त्यांतले बहुतेक क्वीन्स आणि लाँग आयलंडमध्ये राहतात, काही हडसनच्या पलीकडे न्यू जर्सीत. अलीकडे त्यांत कुलकर्णी, पाटील, शिंदे मंडळींचीही भर पडली आहे. यांना पगार नाही, रजा नाही, निवृत्ती तर नाहीच. संघात कोण असावा, कोणी कितव्या क्रमांकावर बॅटिंगला यावं, कुणाशी किती वर्षांचा करार करावा, कुणाला आजच्या आज नारळ द्यावा, सगळं त्यांच्याकडे तयार असतं. अडचण एवढीच की त्यांना कुणी विचारत नाही.

मराठी माणूस या कामात पटकन रुळतो याचं मला नवल वाटत नाही. निवड समितीला नावं ठेवण्याचं शिक्षण त्याला घरातच मिळालेलं असतं. पण क्रिकेटमध्ये या कलेला वाव कमी. समिती दौऱ्याआधी एकदा बसते, आपण एकदा ओरडतो, संपलं. बेसबॉलमध्ये मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर एकेका संघाचे 162 सामने होतात. म्हणजे जवळजवळ रोज संध्याकाळी नवी यादी आणि रोज रात्री नवा पश्चात्ताप (मॅनेजरचा, आपला नव्हे). तक्रारीची एवढी सोय असल्यावर खेळाचे नियम सावकाश समजून घेतले तरी चालतं.

रोजचा पहिला वाद असतो लाइनअपचा. नऊ जणांचा क्रम मॅनेजर कार्डावर लिहून पंचांना देतो आणि तो सामनाभर गोल फिरत राहतो. बाद झालं म्हणून दिवस संपत नाही, पुन्हा पाळी येते. जुन्या लोकांचा हिशेब सरळ होता: पहिला चपळ, चौथा दणकट. आधीच्यांनी बेसवर जाऊन उभं राहायचं, चौथ्याने चेंडू प्रेक्षकांत भिरकावून सगळ्यांना घरी आणायचं. मग आकडेवाले आले. त्यांनी सर्वांत चांगला बॅटर दुसऱ्या क्रमांकावर नेऊन ठेवला. वर असला की वर्षभरात त्याला पाळ्या जास्त मिळतात, एवढंच कारण. मेट्सनेही 2025 मध्ये आपल्या सर्वांत महागड्या माणसाला, हुआन सोटोला, बरेचदा दुसऱ्या क्रमांकावर पाठवलं.

माझ्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत, जुनं शे स्टेडियम उभं होतं तेव्हापासूनचे मेट्सवाले. दुसऱ्या क्रमांकाचा विषय निघाला की ते चष्मा काढून पुसायला घेतात. चष्मा परत नाकावर चढायच्या आत आपलं म्हणणं मांडून टाकावं लागतं, कारण त्यानंतर बोलायला मिळत नाही. क्रम कसाही लावला तरी अख्ख्या मोसमात एखाददुसऱ्या सामन्याचाच फरक पडतो, असं आकडेवाल्यांनीच काढलं आहे. हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सत्यनारायणाच्या पूजेत उठून मी कथेचा पुरावा मागितला होता.

दुसरा वाद पिचरचा, आणि तो जास्त जीवघेणा. पिचर दमला की बदलायचा, आणि एकदा बाहेर गेला की तो त्या सामन्यात परत येत नाही. कधी काढायचा, एवढाच प्रश्न. 1 नोव्हेंबर 2015 ची रात्र. बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, म्हणजे वर्ल्ड सिरीजचा, पाचवा सामना, मेट्सच्या सिटी फील्डवर. मालिकेत कॅन्सस सिटी 3-1 ने पुढे. मेट्सचा पिचर मॅट हार्वीने आठ इनिंग एकही धाव दिलेली नाही, मेट्स 2-0 ने पुढे. मॅनेजर टेरी कॉलिन्सने ठरवलं, नववी इनिंग ताज्या दमाच्या पिचरला द्यायची. हार्वी डगआउटमध्ये ताडताड चालत आला आणि म्हणाला, मुळीच नाही. हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. इकडे स्टेडियम हार्वीच्या नावाचा घोष करू लागलं. म्हातारा विरघळला. हार्वी परत गेला, पहिल्या बॅटरला फुकटात बेस दिला, दुसऱ्याने डबल (दोन बेसचा फटका) ठोकला, बघता बघता 2-2 झालं, आणि बाराव्या इनिंगमध्ये मेट्स 7-2 ने हरून मालिका घालवून बसले.

घोष करणाऱ्या हजारो लोकांपैकी एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. जो भेटतो तो सांगतो, मी तेव्हाच म्हणत होतो, काढा त्याला.

मग काढावा? 2020 च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टँपा बेचा मॅनेजर केव्हिन कॅशने तेच केलं. ब्लेक स्नेल अप्रतिम टाकत होता. 73 चेंडू, दोन हिट, नऊ जणांना हात हलवत परत पाठवलेलं, संघ 1-0 ने पुढे. सहाव्या इनिंगमध्ये कॅशने आकड्यांचं ऐकून त्याला बाहेर बोलावला. पुढच्याच बॅटरने, मूकी बेट्सने, डबल मारला आणि टँपा बे 3-1 ने हरलं. कॉलिन्सने मनाचं ऐकलं म्हणून तो भोळा, कॅशने वहीचं ऐकलं म्हणून तो यंत्र. मॅनेजरला निर्णय चेंडू पडायच्या आधी घ्यावा लागतो आणि आम्हाला नंतर. या सोयीमुळे आमच्या घराण्यात चुकीचा निर्णय आजतागायत कुणी घेतलेला नाही.

आता यादीबद्दल. मुख्य संघात 26 जण, त्यांच्यासकट राखीव धरून 40. यात कोण केव्हा शिरतो, यामागे खेळ कमी आणि कॅलेंडर जास्त. खेळाडू सहा वर्षं मुख्य संघात काढतो तेव्हा त्याला स्वतःचा भाव स्वतः करता येतो, आणि 172 दिवस भरले की एक वर्ष धरतात. 2015 मध्ये शिकागो कब्जचा क्रिस ब्रायंट सराव सामन्यांत सर्वांत जास्त होम रन मारून बसला होता. कब्जने त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं. का, तर क्षेत्ररक्षण सुधारायला हवं. ते दोन आठवड्यांच्या आतच सुधारलं. मोसमाच्या शेवटी त्याचे दिवस भरले 171. त्याने तक्रार केली, लवादाकडे ती चार वर्षं रखडली आणि 2020 मध्ये निकाल संघाच्या बाजूने लागला. सरकारी खात्यात एका दिवसासाठी वेतनवाढ अडकलेल्यांना हा खेळ समजावून सांगावा लागत नाही.

इथे मेट्सचं कौतुक केलंच पाहिजे, तशी संधी वारंवार येत नाही. 2019 मध्ये पीट अलोन्सो नावाचा थोराड पोरगा त्यांनी असला कुठलाही हिशेब न मांडता पहिल्याच दिवशी संघात घेतला. त्याने त्या वर्षी 53 होम रन मारले. पहिल्या वर्षातल्या कुठल्याही खेळाडूचा तो विक्रम आहे. या पोराचं पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी थोडा इतिहास सोसावा लागेल.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणे ही म्हण मराठीत आधीपासून नसती, तर मेट्सवरून बनवावी लागली असती. डिसेंबर 1971 मध्ये त्यांनी एक तरुण पिचर आणि वर आणखी तीन जण देऊन कॅलिफोर्नियाहून जिम फ्रेगोसी आणला. फ्रेगोसीचा सरावातच अंगठा मोडला आणि दोन वर्षांच्या आत त्याला टेक्ससला विकून टाकलं. दिलेला पिचर होता नोलन रायन. तो 1993 पर्यंत टाकत राहिला, 5,714 बॅटर त्याने स्ट्राइकआउट केले, सात वेळा अख्ख्या सामन्यात एकही हिट दिली नाही. दोन्ही विक्रम अजून त्याच्याच नावावर आहेत.

टॉम सीव्हरची गोष्ट त्याहून चमत्कारिक. मेट्सच्या इतिहासातला सर्वांत मोठा पिचर. पगारावरून चेअरमनशी वाजलं आणि 15 जून 1977 ला त्याला सिनसिनाटीला धाडलं. क्वीन्समध्ये अक्षरशः सुतक पडलं. सहा वर्षांनी, 1983 च्या मोसमासाठी, त्याला मानाने परत आणलं. पुढच्याच जानेवारीत, कुठले खेळाडू दुसऱ्यांना उचलता येणार नाहीत याची यादी करताना मेट्सने त्याचं नाव घातलंच नाही. एवढ्या वयाच्या माणसाला कोण नेणार, असा विचार. शिकागो व्हाइट सॉक्सने नेला. 1985 मध्ये तीनशेवा विजय त्याने न्यूयॉर्कमध्येच मिळवला, तोही यँकी स्टेडियममध्ये, अंगात शिकागोचा शर्ट. एकच माणूस एकदा रागाने आणि एकदा गाफीलपणाने घालवणं, याला वेगळी प्रतिभा लागते.

योग असा की सीव्हर गेल्यावर तीन आठवड्यांच्या आतच, 4 जुलै 1977 ला, स्टेडियमपासून दीड-दोन मैलांवर, फ्लशिंगच्या बाउन स्ट्रीटवर गणपतीची प्रतिष्ठापना झाली. ते देऊळ म्हणजे आमच्याकडच्या मराठी मेट्सवाल्यांचं खरं मुख्यालय. सकाळी दर्शन, तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा, मग सात नंबरच्या गाडीने एक स्टेशन मागे येऊन सामना. विघ्नहर्ता शेजारी आल्यावर नऊ वर्षांनी, 1986 मध्ये, मेट्स जगज्जेते झाले. त्यानंतर आजवर नाही. काहींच्या मते हा नवस फेडायचा राहिल्याचा परिणाम आहे.

याच कँटीनमध्ये एक काका भेटतात. मुंबईत आयुष्यभर बँकेत काढलं, आता मुलाकडे असतात. कपाळाला गंध, डोक्याला मेट्सची निळी टोपी. होम रन कशाला म्हणतात याबद्दल त्यांचं मत अजून पक्कं झालेलं नाही, पण करारांचा त्यांचा अभ्यास बघून मोठमोठे गप्प बसतात. त्यांचा आदर्श पुरुष आहे बॉबी बोनिया.

बोनिया 1999 नंतर मेट्सना नकोसा झाला. त्या शरदातल्या अखेरच्या सामन्यात, संघ बाद होत असताना, तो आणि सहकारी रिकी हेंडरसन आत पत्ते खेळत होते असं तेव्हा छापून आलं. 2000 सालचे त्याचे 59 लाख डॉलर देणं मात्र भाग होतं. त्याचा एजंट डेनिस गिल्बर्ट म्हणाला, आत्ता देऊ नका. 8 टक्के व्याज लावा आणि 2011 पासून 25 वर्षं हप्त्याने द्या. मालक खूश झाले. त्यांचा पैसा बर्नी मॅडॉफ नावाच्या सद्गृहस्थाकडे ठेवलेला होता आणि तो 8 टक्क्यांच्या वर परतावा दाखवत असे. डिसेंबर 2008 मध्ये मॅडॉफला अटक झाली, परतावा आणि मुद्दल दोन्ही हवेत विरलं. बोनियाचा हप्ता मात्र राहिला. दर 1 जुलैला 11,93,248 डॉलर आणि 20 सेंट, शेवटचा 2035 मध्ये. तेव्हा तो 72 वर्षांचा असेल.

अमेरिकेत 1 जुलैला लोक मेट्सना हसतात. काका हसत नाहीत. त्यांनी मला कागदी नॅपकिनवर, सांबाराचा डाग चुकवत, आकडेमोड करून दाखवली. "हे बघ, 59 लाख. आठ टक्के चक्रवाढ, अकरा वर्षं. झाले एक कोटी साडेसदतीस लाख. आता त्याचे पंचवीस हप्ते पाड, प्रत्येक हप्ता वर्षाच्या सुरुवातीला." खाली उत्तर आलं, 11,93,000 च्या आसपास. काकांनी पेन खिशाला लावलं. "एक पैसा जास्त घेतलेला नाही त्याने. याला लूट म्हणतात? याला बचत म्हणतात. आमच्या फिक्स डिपॉझिटला आता काय मिळतं, तुला माहीत आहे का?"

"पण काका, एजंट भारी निघाला. मूळचा विम्याच्या धंद्यातला होता."

काकांनी टोपी सरळ केली. "मग संपलंच. विमा एजंटाच्या तावडीतून आजवर कोण सुटलाय?"

लॉस एंजेलिसच्या शोहेई ओतानीचं नाव मात्र काकांपुढे काढायची सोय नाही. डिसेंबर 2023 मध्ये त्याने डॉजर्सशी 10 वर्षांचा 70 कोटी डॉलरचा करार केला आणि त्यातले 68 कोटी 2034 पासून पुढे घ्यायचं कबूल केलं. बिनव्याजी. डॉजर्सनी वाचलेल्या पैशांत आणखी माणसं घेतली आणि 2024, 2025 अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकली. काकांना त्याचं काही नाही. "जिंकला असेल. पण घरात कुणी मोठं माणूस नाही का रे त्याच्या? अडुसष्ट कोटी, आणि व्याज नाही?" जाहिरातींतून त्याला अमाप मिळतं, असं मी म्हणालो. ते खातं वेगळं, असं उत्तर मिळालं.

बोनियाच्या गोष्टीची एक शेपटी कुणी सांगत नाही, ती मी सांगतो. त्या वर्षी मोकळ्या झालेल्या पगाराच्या जोरावर मेट्सनी माइक हॅम्प्टन हा पिचर घेतला आणि 2000 च्या वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले. पुढच्या हिवाळ्यात हॅम्प्टन 12 कोटींवर डॉलर घेऊन कोलोराडोला निघून गेला. तिकडच्या शाळा चांगल्या आहेत, असं म्हणाला. तो गेल्याची भरपाई म्हणून मेट्सना एक जादा निवड मिळाली. तिच्यातून त्यांनी घेतलेला पोरगा म्हणजे डेव्हिड राइट, पुढे दहा-बारा वर्षं संघाचा कणा आणि कप्तान. तेव्हा बोनियाचे हप्ते मी तरी राइटच्या खात्यात टाकतो. ऑफिसातल्या गृहस्थांनी हे ऐकून चष्मा पुसायला घेतला नाही, एवढ्यावर मी समाधानी आहे.

करारातलं खरं विघ्न मैदानावर येतच नाही. योएनिस सेस्पेडेसला चार वर्षांचे 11 कोटी डॉलर दिले. 2019 मध्ये तो स्वतःच्या रँचवर घोटा मोडून बसला. पुढे वर्तमानपत्रांनी छडा लावला: पिंजऱ्यातून सुटलेलं रानडुक्कर चुकवताना पाय खड्ड्यात गेला. त्याचा 2020 चा पगार 2 कोटी 95 लाखांवरून 60 लाखांच्या हमीवर आला. पिचर एडविन डियाझला 2022 च्या अखेरीस पाच वर्षांचे 10 कोटी 20 लाख दिले. चार महिन्यांत, पोर्टो रिकोच्या संघाकडून खेळून जिंकल्यावर आनंदाने उड्या मारताना त्याचा गुडघा गेला आणि मोसम गेला. निदान जिंकल्यावर तरी मेट्सच्या माणसाने बसून राहावं, असं कलम आता घालायला हरकत नाही.

आणि सोटो. डिसेंबर 2024 मध्ये 15 वर्षांसाठी 76 कोटी 50 लाख डॉलर, खेळाच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा आकडा. याच माणसाने 2022 मध्ये वॉशिंग्टनचे 44 कोटी नको म्हटले होते. तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. गावातलेच यँकीजही मागे नव्हते, 16 वर्षांचे 76 कोटी देत होते. मग अडलं कुठे? बातम्या अशा आल्या की मेट्सनी त्याच्या कुटुंबासाठी स्टेडियममध्ये खास बॉक्स देऊ केला आणि यँकीज म्हणाले, बॉक्स हवा तर पैसे भरा. मराठी वाचकाला यात कळायला अवघड काही नाही. देण्याघेण्याचं ठरलं होतं, मोडलं ते मानपानावर.

करार 2039 पर्यंत आहे. तेव्हा सोटो 41 वर्षांचा होईल. चाळिशीतला माणूस त्या पैशाला काय खेळणार, हा प्रश्न आमच्याकडे करार झाल्याच्या दिवसापासून चर्चेत आहे. पहिल्या वर्षी त्याने 43 होम रन मारले आणि 38 बेस चोरले, पण त्याने आमची काळजी मिटत नाही. मालक स्टीव्ह कोहेनकडे आमच्या सगळ्या गावाला पुरून उरेल एवढा पैसा आहे, संघ घ्यायलाच त्याने 2020 मध्ये 240 कोटींच्या घरात डॉलर मोजले. तरी आम्ही त्याच्या पैशाला असे जपतो, की नवऱ्याच्या पाकिटाला बायकोने काय जपावं.

एवढं करून 2025 मध्ये काय झालं? 12 जूनला मेट्स 45 विजय, 24 पराभव, अख्ख्या बेसबॉलमध्ये सर्वांत पुढे. मोसम संपला तेव्हा 83-79. शेवटच्या दिवशी मायामीला हरवलं असतं तरी पुढे गेले असते, कारण स्पर्धेतलं सिनसिनाटीही त्याच दिवशी हरलं. मायामीचा पगारखर्च सर्वांत किरकोळ संघांच्या रांगेतला. मेट्स 4-0 ने हरले.

मग हिवाळ्यात झाडू फिरला. डियाझ, ज्याचा गुडघा बरा व्हायची आम्ही वर्षभर वाट पाहिली होती, डॉजर्सकडे गेला. आणि अलोन्सो, तो 2019 चा थोराड पोरगा, बाल्टिमोरला गेला: पाच वर्षं, 15 कोटी 50 लाख. 2025 च्याच ऑगस्टमध्ये त्याने डॅरिल स्ट्रॉबेरीचा 252 चा विक्रम मोडून मेट्सच्या इतिहासात सर्वांत जास्त होम रन आपल्या नावावर केले होते. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मिलवॉकीत, नवव्या इनिंगमध्ये, संघ घरी जायला दोन बाद उरलेले असताना तीन धावांचा होम रन मारून त्यानेच मोसम वाचवला होता. तो होम रन ज्याला मारला त्या डेव्हिन विल्यम्सला मेट्सनी त्याच हिवाळ्यात, तीन वर्षांच्या करारावर, आपल्याकडे घेतलं. मारणारा गेला, मार खाणारा आला.

संघाची बाजू मला माहीत आहे. एकतीस वर्षांचा पहिल्या बेसवरचा माणूस, पाय जड, हात सैल, पस्तिशीत तो कुणालाच नको असतो. आकडेवाले बरोबर असतील. कँटीनमधले काकाही त्यांच्याच बाजूने आहेत, घसाऱ्याचा दर लावून त्यांनी नॅपकिनवर तसं सिद्धही करून दाखवलं. तरी माझं मत लेखी नोंदवून ठेवतो: अलोन्सोला ठेवायला हवं होतं. पाचांतली शेवटची दोन वर्षं वाया गेली असती तर गेली असती. पैसे काय, आमचे थोडेच होते.